इसण

वहाबनं बादलीत चार बोटं घातली आणि निखाऱ्याला लागल्यासारखी परत ओढून घेतली. "या अल्ला!" म्हणत त्यानं ती आधी तोंडात घातली, मग शर्टाला पुसली आणि मग वामनरावांच्या हाताकडे पाहिलं. वामनरावांचा उजवा हात मनगटापर्यंत त्याच बादलीत होता. ते वाट पाहत होते. वहाबनं 'खरंच की सर, पाणी कोमट आहे' म्हणावं, पिशवीतून पेचकस काढावा आणि गिझर खोलायला लागावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

"सर, हात काढा."

"काऊन?"

"काढा म्हणतो ना. पह्यले काढा."

त्यांनी हात काढला. तो लालबुंद झाला होता आणि मनगटाशी, जिथवर पाणी होतं तिथं, एक सरळ रेघ उमटली होती. वर्गात मोजपात्रावरची रेघ मुलांना दाखवावी तसा त्यांनी तो हात उजेडात धरला. रेघेपाशी थोडं चुणचुणत होतं. रेघेच्या खाली काहीच नव्हतं. तिथं हात होता, बोटं होती, लग्नातली अंगठी होती, पण तिथून कुठलीही बातमी येत नव्हती. एखाद्या गावाची बस बंद व्हावी आणि गावानं तक्रारसुद्धा करू नये, तसं. आपल्याला भीती वाटायला हवी, असं त्यांच्या मनात आलं. ते थोडे थांबले. भीती काही आली नाही. बाहेर, टायमरच्या डबीत, टिक्‌ असा आवाज झाला आणि गिझरचा लाल दिवा विझला. पाच वाजले. टायमर बरोबर चालत होता.

हा टायमर दीपकनं, त्यांच्या मुलानं, पुण्याहून पाठवला होता. बुलढाण्याच्या या फ्लॅटला नवं मीटर लागलं आणि दिवसाची, नऊ ते पाचची, वीज थोडी स्वस्त झाली, तेव्हाची गोष्ट. मुठीएवढी पांढरी डबी, तोंडावर चोवीस तासांची चकती, चकतीच्या कडेनं बारीक दात. जितके दात दाबाल तितका वेळ गिझर चालू. दुपारी तीन ते पाच पाणी तापवून ठेवायचं; टाकीभोवती जाड अस्तर असतं, पहाटेपर्यंत पाणी ऊन राहतं. वामनरावांनी ते सगळं शालूबाईंना कागदावर आकृती काढून समजावलं होतं. त्यांनी आकृती पाहिली आणि म्हणाल्या, "म्हंजे थर्मासच की. एवढं तं सरळ सांगा ना." एकतीस वर्षं मोताळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला बायकोनं एका शब्दात गुंडाळलं होतं. ते तेव्हा हसले होते की नाही, हे आता आठवत नव्हतं. शालूबाई दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी गेल्या. तापाचं निमित्त झालं, अकोल्याच्या दवाखान्यात नऊ दिवस काढले, आणि दहाव्या दिवशी सकाळी त्यांच्या खाटेवरची चादर बदललेली होती. वामनराव रडले नाहीत. लोक म्हणाले, सर खंबीर आहेत. ते खंबीर वगैरे नव्हते. दाढेला सुई दिल्यावर गाल जसा दुसऱ्याचा वाटतो तसं त्यांना सगळं दुसऱ्याचं वाटत होतं, एवढंच.

गिझर बिघडला तो त्यानंतर. म्हणजे बिघडला, असं त्यांनी ठरवलं. त्यांची एक लहानपणापासूनची रीत होती, आईनं लावलेली. पहिला तांब्या पायावर. पायाला ऊन लागलं तरच अंगावर, नाहीतर छातीत थंडी भरते. बायको होती तोवर या रितीचं काही कामच पडलं नाही. पहाटे त्या बादली भरत, आतून त्यांच्या बांगड्या वाजत, तांब्या दोनदा बुडाल्याचा डुबुक-डुबुक आवाज येई, आणि मग हाक येई, "झालं पाणी. या." ते जात आणि सरळ अंगावर घेत. पाणी कसं आहे हे पाहायचं काम त्यांचं नव्हतं. परीक्षेत परीक्षकानं सही केलेली उत्तरपत्रिका पुन्हा कोण तपासतं? तेराव्यानंतर पाहुणे गेले, आणि पहिल्यांदा त्यांनी स्वतः बादली भरली, पायावर तांब्या ओतला, आणि पायाला काही लागलं नाही. ना ऊन, ना गार. फक्त ओलं. ओलंही डोळ्यांना दिसलं म्हणून. त्यांनी हात बुडवून पाहिला. तेच. ते बाहेर आले, टॉवेल त्याच पाण्यात भिजवून पिळला, तासाभरानं गार टॉवेलनं अंग पुसलं आणि वहीत लिहिलं: पाणी तापत नाही.

मग शोध सुरू झाला. त्या शोधात ते इतके रमले की दोन महिने कसे गेले ते कळलं नाही. आधी टायमर. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी ते चकतीशेजारी धरलं, तर चकती एक तास चाळीस मिनिटं मागे! का मागे, याचा उलगडा त्यांना जेवताना झाला आणि घास हातातच राहिला. चकती विजेवर फिरते. वीज गेली की ती थांबते, आली की जिथं थांबली तिथून पुढे चालते. म्हणजे टायमर लागल्यापासून या घरातली जितकी वीज गेली, ती सगळी त्या चकतीत साचून राहिली होती. केवढी सुंदर गोष्ट! त्यांना ती कुणाला तरी सांगायची होती. समोरच्या फ्लॅटमधली तिसरीतली छकुली आणि बिल्डिंगमधली आणखी चार पोरं संध्याकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी शिकायला बसत. त्यांना त्यांनी सांगितलं. छकुली म्हणाली, "म्हंजे आजोबा, ते घड्याळ लाइट गेली का झोपून जाते, अन्‌ उठलं का त्याले वाटते अजून कालच चालू आहे." वामनरावांनी तिला शाबासकी दिली आणि चकती जुळवली. दुसऱ्या दिवशी पायावर तांब्या ओतताना लक्षात आलं, की चकती मागे पडली तर पाणी उशिरा तापेल, गार का राहील? वहीत तेही लिहिलं. मग गिझरच्या बुडाशी असलेली खुंटी, शालूबाईंनी मधोमध ठेवलेली, त्यांनी शेवटपर्यंत फिरवली. मग नळातून थंड पाणी मिसळतं का म्हणून खालचा कॉक बंद केला. मग ताप पाहायचा थर्मामीटर बादलीत घातला. त्यानं आकडा दाखवला नाही, नुसतं इंग्रजी एच दाखवलं. सेल उतरला असावा, असं वहीत लिहिलं. बाथरूमच्या आरशावर वाफ धरत होती. जानेवारीच्या थंडीत कोमट पाण्याचीही वाफ दिसते, हे त्यांनीच तर पोरांना वर्षानुवर्षं शिकवलेलं. एकदा नुकताच भिजवलेला टॉवेल पुरता न पिळता मानेवर पडला आणि मान पोळली, तेव्हा त्यांना वाटलं आपल्याला ताप आलाय. गोळी घेऊन ते दुपारभर पडून राहिले. प्रत्येक खुणेला त्यांच्याकडे उत्तर होतं. शिकलेल्या माणसाचं हेच असतं. त्याला चुकायलासुद्धा कारणं सापडतात.

"बसा सर तुमी," वहाब म्हणाला आणि त्यानं बाथरूमच्या दाराशी प्लॅस्टिकचं स्टूल सरकवलं. वहाब त्यांचाच विद्यार्थी. मागच्या बाकावरचा, गणितात कच्चा, पण बल्ब आणि सेल हातात दिले की सगळ्यात आधी उजेड पाडणारा. आता त्याची दाढी अर्धी पिकली होती आणि गावात वायरमन म्हणून त्याचं नाव होतं. त्यानं टेस्टर लावला, झाकण काढलं, आत डोकावला, झाकण पुन्हा लावलं. खालची खुंटी पाहिली आणि जीभ चावली. "फुल्ल करून ठेवली की सर तुमी."

"गरमच होत नव्हतं ना बे."

"गरम? कोंबडी सोलून निघीन या पाण्यात." तो हसला, आणि हसता हसता त्याची नजर खाली गेली. "सर, पायाले काय झालं?"

डाव्या पायाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मागे, रुपयाएवढा फोड होता, फुटून सुकलेला. मोजा काढताना तो आठवड्याभरापूर्वी दिसला होता. "चप्पल लागली," ते म्हणाले.

"चप्पल," वहाब म्हणाला. त्यानं वाद घातला नाही. शुगर किती वर्षांपासून आहे, एवढंच विचारलं. अठरा. "माह्या अम्मीचंही असंच झालं होतं. चुलीतला कोयसा पायावर पडला तं तिले वासानं समजलं." मग तो उकिडवा बसला आणि बराच वेळ गिझरकडे पाहत राहिला, जणू बिघाड अजून तिथंच सापडेल. "सर, तुमी आमाले ते तीन गंज भरून प्रयोग दाखवला होता. याद आहे?"

याद कशी नसणार! एका गंजात, म्हणजे पातेल्यात, ऊन पाणी, एकात गार, मधल्यात कोमट. एक हात ऊन पाण्यात, एक गार पाण्यात, शंभर आकडे मोजायचे, मग दोन्ही हात मधल्यात. एक हात म्हणतो गार, दुसरा म्हणतो ऊन. पाणी एकच. "म्हणून पोरांनो, कातडी हा खोटा साक्षीदार. माणसानं अंगावर विश्वास ठेवू नये, मापावर ठेवावा." दर वर्षी तोच प्रयोग, तेच वाक्य, तेच खिदळणं. मागच्याच आठवड्यात, या टेबलावर, छकुली आणि कंपनीसाठी त्यांनी तो पुन्हा केला होता. तीन गंज मांडले. पोरांनी हात घालून चीत्कार केले. मग, "आता मी घालतो," म्हणून त्यांनी स्वतःचे हात घातले, शंभरपर्यंत मोजलं, मधल्या गंजात बुडवले आणि म्हणाले, "उजव्याला गार लागलं, डाव्याला ऊन लागलं." छकुली त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. "आजोबा, तुमाले पह्यल्या गंजात चटका काऊन नाही लागला? मले तं लागला." मोठ्या माणसाची कातडी जाड असते, असं काहीतरी ते म्हणाले होते. आता स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना तो क्षण पुन्हा दिसला, आणि त्यातली गोष्ट आत्ता कळली. तिन्ही गंजांत त्यांना एकच लागलं होतं. काहीच नाही, असं. उत्तर त्यांनी आठवणीतून दिलं होतं. एकतीस वर्षांचं पाठ उत्तर. पोरांपुढे, प्रयोग म्हणून.

"दीपकभाऊचा फोन येईन आता," वहाब म्हणाला. "त्याहिनंच धाडलं मले. काय सांगू?"

हा खरा प्रश्न होता आणि दोघांनाही तो ठाऊक होता. दीपक सगळं एकदा बोलून मोकळा झाला होता. पप्पा, एक तर गिझर बिघडलाय, नाहीतर तुम्ही. गिझर असेल तर नवा बसवतो, तुम्ही राहा बुलढाण्यात. नाहीतर पुण्याला यायचं, पुढच्या रविवारी न्यायला येतो. हे तो हसत हसत म्हणाला होता, पण मागून सूनबाईचा, पूनमचा, आवाज आला होता, 'नीट सांगा त्यांना.' त्यावर वामनराव ठामपणे म्हणाले होते, गिझरच. पुण्याला त्यांना खोली होती, खिडकी होती, माया नव्हती असंही नाही. फक्त तिथं संध्याकाळी साडेपाचला टेबलाशी कुणी येऊन बसणार नव्हतं, आणि कुणी बसलं नाही तर आपण बोलायचं विसरून जाऊ, असं त्यांना वाटत होतं. हे त्यांनी दीपकला सांगितलं नव्हतं. सांगण्याइतकं ते दुखतही नव्हतं. नुसतं माहीत होतं.

"थर्मोस्टॅट गेलं होतं, बदललं, असं सांगून देतो," वहाब हळूच म्हणाला. "काय बिघडते? खुंटी कमी केली मी. नवीन थर्मोस्टॅट आणून बसवतोही उद्या, म्हंजे खोटं व्हाचं नाही."

वामनरावांना मोह पडला, असंही म्हणता येणार नाही. मोहाला धग लागते. ते फक्त त्या वाक्याकडे पाहत होते. चांगलं वाक्य होतं. सगळं त्यात बसत होतं.

वहाबनं बादली उचलून बाजूला ठेवली, हात पुसले, पिशवीची चेन ओढली. जाता जाता, जसं कुणीही म्हणेल तसं, तो म्हणाला, "अन्‌ सर, आता पाणी घेसान तं इसण घालून घेजा बरं."

घेजा.

ऊन पाण्यात गार पाणी घालून ते अंगाजोगं करायचं, त्या गार पाण्याला इसण म्हणतात; पुस्तकात विसण लिहितात. हा शब्द वामनरावांनी इतक्यात ऐकला होता. अकोल्याला, सातव्या दिवशी. शालूबाईंचा ताप उतरत नव्हता, आया अंग पुसायला टबात पाणी घेऊन आली होती, आणि शालूबाईंनी डोळे उघडून दीपककडे पाहिलं आणि म्हटलं, "इसण घालून देजो." स्पष्ट. मग पुन्हा, "आठवणीनं. इसण घालून देजो." दीपकनं आयाला सांगितलं, पाणी फार गरम दिसतंय, थोडं गार घाला. आयानं घातलं. वामनरावांनी स्वतः टबाला हात लावला आणि म्हणाले, झालं, ठीक आहे आता. शालूबाईंनी मान हलवली, होय नव्हे तर नाही अशी, आणि हात उचलायचा प्रयत्न केला. त्या हाताला सलाईन होतं, म्हणून दीपकनं तो धरून खाली ठेवला. तापात बडबडतेय, असं सगळ्यांनी ठरवलं. त्यानंतर त्या समजेलसं काही बोलल्या नाहीत.

पण पाणी त्यांना स्वतःला हवं असतं, तर त्या म्हणाल्या असत्या, दे. आत्ता, मला, दे. 'देजो' आत्ताचं नसतं. देजो म्हणजे पुढे कधी, मी इथं नसताना, दुसऱ्या कुणाला. येजो, करजो, सांगजो, आणि मोठ्या माणसाला घेजा. गावाला निघालेला माणूस गाडीच्या खिडकीतून सांगतो ते. वामनरावांनी एकतीस वर्षं पोरांच्या वह्यांतून हे रूप लाल शाईनं खोडलं होतं. 'येजो नाही, ये. देजो नाही, दे.' इतकं खोडलं की स्वतःच्या बायकोच्या तोंडातही ते त्यांना ऐकू आलं नाही. दीपक तर अकरा वर्षं पुण्यातच.

म्हणजे तिला माहीत होतं. पहाटेचे ते दोन डुबुक आवाज. खुंटी मधोमध. 'झालं पाणी, या.' केव्हापासून माहीत होतं? बहुधा चहाचा कप ते आजकाल कानाला न धरता सरळ पोटाला धरतात, हे तिनं पाहिलं असेल. एकदा ते तवा उचलायला गेले तेव्हा तिनं त्यांचा हात झटकला होता आणि ते रागावले होते, 'काय झालं?' ती म्हणाली होती, 'काही नाही. भाकर जळून राह्यली.' तिनं एका शब्दानं त्यांना कळू दिलं नाही. मास्तर माणूस, कळलं असतं तर वही काढली असती. त्यापेक्षा दोन तांबे इसण सोपं.

वहाबचा फोन वाजला. त्यानं पडद्यावर नाव पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि फोन कानाला लावला. "हाव दीपकभाऊ. पाह्यला. ते ना, थर्मोस्टॅट..." वामनरावांनी हात पुढे केला. तो लाल हात पाहून वहाब बोलायचा थांबला आणि त्यानं फोन त्यात ठेवला.

"दीपक, गिझर चांगला आहे."

"मग, पप्पा?"

"मले गरम समजत नाही. हाताले, पायाले. पाय पोळला आहे थोडा."

पलीकडून गाड्यांचे हॉर्न तेवढे ऐकू आले. "कधीपासून?" दीपकनं विचारलं.

"तुह्या आईले माहीत होतं. ती दवाखान्यात काय म्हणे तुले?"

"पप्पा, आत्ता ते कशाला..."

"काय म्हणे?"

"अंग पुसायच्या पाण्याचं. इसण घालून दे, म्हणाली."

"दे नाही. देजो."

"तेच ना."

"तेच नाही," वामनराव म्हणाले. वर्गात म्हणत तसं, शांतपणे. रागावून सांगितलेलं पोरांच्या डोक्यात राहत नाही. "दे म्हंजे तिले. देजो म्हंजे मले."

या वेळी हॉर्नही ऐकू आले नाहीत. दीपकनं गाडी कुठंतरी बाजूला घेतली असावी. मग त्याचा आवाज आला आणि त्या आवाजातून अकरा वर्षांचं पुणं गळून पडलं होतं. "मी तिचा हात खाली ठेवला होता, पप्पा."

"मी टबाले हात लावून ठीक आहे म्हटलं होतं," वामनराव म्हणाले. "मले काय समजत होतं?"

मग रविवारचं बोलणं झालं. शनिवारीच येतो, दीपक म्हणाला. तोवर गिझरला हात लावू नका, कपडे काढून ठेवा, औषधांची पिशवी वेगळी. ते प्रत्येक गोष्टीला 'बरं' म्हणाले. फ्लॅट गेला, हे त्यांना कळलं. टेबल गेलं, साडेपाच गेले. दाढेच्या सुईसारखंच ते कळलं. काहीतरी मोठं उपटलं जातंय एवढा ओढा जाणवला, दुखलं नाही. शेवटी ते म्हणाले, "शुक्रवारपर्यंत संध्याकाळचा तास मले लागते. पोरांले एक उत्तर चुकीचं सांगितलं, ते दुरुस्त करा लागीन."

वहाब दारापर्यंत जाऊन परत आला. "घालून देऊ का सर मी? इसण?"

"नको. मले येते."

तो गेल्यावर त्यांनी बाथरूमचं दार नुसतं लोटून घेतलं. थंड पाण्याच्या नळाखाली दुसरी बादली भरून ठेवलेली होती. त्यांनी तांब्या त्यात बुडवला आणि कान दिला. डुबुक. तो ऊन बादलीत ओतला. पुन्हा बुडवला. डुबुक. ओतला. आजचं पाणी खुंटी शेवटापर्यंत असताना तापलेलं होतं, म्हणून आणखी दोन. हे गणित सोपं होतं. मग ते थोडे थांबले. आतून बाहेर हाक मारायची ती जागा रिकामी गेली. त्यांनी पहिला तांब्या उचलला, आणि पायावर न घेता, न तपासता, सरळ खांद्यावर ओतला.

ऊन लागलं. अंगाजोगं. खांद्यावर, छातीवर, पाठीच्या कण्यावरून खाली, तीन महिन्यांनी. आणि गुडघ्याखाली पोचता पोचता ते पाणी पुन्हा नाहीसं झालं. फरशीवर पडल्याचा आवाज तेवढा आला. वामनरावांनी दुसरा तांब्या भरला. बाहेर घंटी वाजली, मग छकुलीचा आवाज आला, "आजोबा, आमी येऊन राह्यलो!"

"बसा," ते आतून म्हणाले. "पाणी झालं. आलोच."